कार्बाइनवर काम सुरू करताय? आधी जाडी विचारा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी ग्रुप मीटिंगमध्ये मी मोठ्या ऐटीत स्लाइड लावली : कार्बाइनचा (एकाच रांगेतल्या कार्बन अणूंच्या साखळीचा) यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताणाला विरोध करणारा ताठपणा, 68 गिगापास्कल. मागून एक सीनियर म्हणाला, "म्हणजे ॲल्युमिनियमच की गं!" सगळे हसले. ग्राफीनलाही (एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या पत्र्यालाही) मागे टाकणारी ही साखळी माझ्या संगणकी हिशेबात पातेल्याच्या पत्र्याएवढी ताठ निघाली होती.

पुढचे तीन आठवडे भलत्याच ठिकाणी शोधण्यात गेले. के-पॉइंट वाढवले, कटऑफ वाढवला, स्यूडोपोटेन्शियल बदलून पाहिलं, म्हणजे हिशेबाच्या सगळ्या सेटिंग्ज. आकडा ढिम्म. शेवटी वैतागून बॉक्सची (हिशेबात साखळी ज्या काल्पनिक डब्यात ठेवतात त्याची) बाजू 15 अँगस्ट्रॉमची 20 केली, तर मॉड्युलस थेट 38 वर उतरला. साखळी तीच, अणू तेच!

हे नीट वाचा, दोनदा वाचा. हिशेब करणारा कोड जो स्ट्रेस (ताण) छापतो, तो असतो बल भागिले अख्ख्या बॉक्सचा छेद. स्फटिकात चालतं, कारण बॉक्स पदार्थानेच भरलेला असतो. आपल्या बॉक्समध्ये मधोमध एक साखळी आणि भोवती नुसती पोकळी. तरी भागाकारात 225 चौरस अँगस्ट्रॉम येतातच. तेव्हा त्या स्ट्रेसला आधी बॉक्सच्या छेदाने गुणा आणि बलावर परत या. माझं उत्तर आलं साधारण 153 नॅनोन्यूटन, दर एकक स्ट्रेनला (लांबीतल्या सापेक्ष वाढीला). बॉक्स 15 चा करा नाहीतर 30 चा, हे हलत नाही.

मग भागायचं कशाने? राइस विद्यापीठातल्या याकोब्सन गटाच्या 2013 च्या पेपरात 32.7 टेरापास्कल दिसतं, कारण तिथे साखळीचा व्यास 0.772 अँगस्ट्रॉम धरलाय. तेच बल घेऊन व्यास 3.4 धरा, ग्राफीनची जाडी जवळपास तेवढीच धरतात. उत्तर येतं 1.7. एकोणीस पट फरक, तोही निव्वळ जाडीपायी. खोटं कुणीच बोलत नाही. पण व्यास न सांगता कार्बाइनचा मॉड्युलस सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही मोठा प्रोफेसर असो.

जाडीचा प्रश्नच नको असेल तर वजनामागे ताकद काढा. साखळी तुटते 10 नॅनोन्यूटनच्या आसपास. अणूंमधलं सरासरी अंतर 1.28 अँगस्ट्रॉम, अणूचं वस्तुमान 12 एकक. कागदावर भागाकार करा : सुमारे 6.4 कोटी न्यूटन-मीटर प्रति किलो. ग्राफीन 4.7 ते 5.5 कोटींवर थांबतं. घाबरू नका, हे बारावीचं गणित आहे. मला ते सुचायला तीन आठवडे लागले, कारण मी सीनियरची तयार इनपुट फाइल उचलून चालवली होती. तयार फाइल हा शाप आहे, माझं मत. आणि गाइड निवडताना पेपर मोजत बसू नका; प्रत्येक आकड्याला "एकक काय?" म्हणून छळणारा गाइड मिळाला तर सोडू नका.

आणखी एक, पटकन : सेलमध्ये (म्हणजे त्याच बॉक्समध्ये, जो साखळीच्या दिशेने पुन्हा पुन्हा जोडला जातो) एकच अणू ठेवाल तर सगळे बंध सारखेच निघणार. एकेरी-तिहेरी बंधांची आळीपाळी हवी तर किमान दोन अणू ठेवा, आणि त्यांना सुरुवातीलाच जरासं हलवून ठेवा. साधा पीबीई (अशा हिशेबात नेहमी वापरलं जाणारं एक अंदाजी सूत्र) बंधांच्या लांबीतला हा फरक फारच कमी दाखवतो.

टिकाऊपणावर मात्र फुशारकी नको. पोकळीत एकटी साखळी छान टिकते. शेजारी दुसरी आणली की आडवे बंध जुळू लागतात. म्हणून तर व्हिएन्नाच्या गटाने 2016 मध्ये 6000 हून जास्त अणूंची साखळी दुहेरी भिंतीच्या नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळीच्या) पोटात वाढवली. सेमिनारला "हे प्रत्यक्षात बनतं का?" असं कुणीतरी विचारणारच. तेव्हा हो म्हणा, आणि नॅनोट्यूबचं नाव आधी घ्या.