ऑपरेशनच्या आदल्या रात्री घरचे करतात त्या चुका

‘काही होत नाही, घाबरू नका.’ इंदूरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून मी 22 वर्षं काढली, पण या वाक्याने कुणाची भीती गेलेली पाहिली नाही. पेशंट गप्प होतो, एवढंच. घरच्यांना वाटतं, धीर आला.

भीती नेमकी कशाची, हे विचारायचंच राहून जातं. कितीतरी जणांना चिरफाडीपेक्षा भुलेची धास्ती असते. उतरलीच नाही तर? मध्येच जाग आली तर? भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा हे त्यांनाच विचारायचं, आणि पेशंटने स्वतः विचारायचं. मुलगाच सगळं बोलतो आणि आई पदराचं टोक पिळत बसते, तसं नको. कमरेत इंजेक्शन देऊन भूल देणार असतील तर आधीच सांगून ठेवा: पाय गरम वाटतील, मग जड होतील, हात लागलेला कळेल पण दुखणार नाही, आजूबाजूचं बोलणं ऐकू येईल. हे ठाऊक नसलेला माणूस पाय हलेनासे झाले की लकवा मारला म्हणून हादरतो.

उपाशी राहण्यात तर फार घोळ होतो. आपल्याकडे सकाळ पोह्यांशिवाय उजाडत नाही, मग ‘दोन घासांनी काय होतंय’ म्हणत कुणीतरी खाऊ घालतंच. भुलेत ते अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं आणि पेशंटला तीच रात्र पुन्हा काढावी लागते. साधारण हिशेब असा: तेलकट, जड जेवणानंतर 8 तास, हलक्या खाण्यानंतर किंवा दुधानंतर 6, साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा दुधातच धरा. तुमच्या पेशंटचे तास डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, कारण शुगर असली की गणित बदलतं. चुकून खाल्लं असेल तर कृपा करून लपवू नका. आणि रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देणं ही उलटी चूक: घसा कोरडा, डोकं ठणकतं, जीव आणखी घाबरा होतो.

झोप येत नाही म्हणून शेजारच्यांची झोपेची गोळी देऊ नका. वॉर्डात सांगा, गरज वाटली तर डॉक्टर देतील.

एक आजी आठवतात. आयुष्यभर भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी हिंदीत बोललेल्या. टेबलावर कुणी विचारलं, ‘अम्मा, डर लग रहा है?’ आजी छताकडे बघत राहिल्या. मॉनिटरवर नाडी 118. मी कानाशी वाकून म्हटलं, ‘आजी, काय होतंय?’ तेव्हा बोलल्या, ‘थंडी वाजते गं. आणि कानातलं मशीन काढून घेतलंय, तुम्ही काय बोलता काहीच कळत नाही.’ मशीन मुलाच्या खिशात होतं. ते आणून लावलं, अंगावर पांघरूण घातलं, काय काय करणार ते मराठीत सांगितलं. थोड्या वेळाने नाडी 90 वर आली.

चष्मा, कवळी, अंगठ्या घरच्यांकडे द्या. पण कानाचं मशीन भूल देईपर्यंत राहू द्या, असं वॉर्डातल्या सिस्टरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.