दोन नावं, एकच बाई: संग्रहालयाच्या साठ्यात चित्रकर्ती शोधायला निघालेल्यांसाठी

मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशीत तूर. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली, मग म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र केलं आणि अकरा महिन्यांच्या कंत्राटावर एका सार्वजनिक संग्रहालयात संशोधन सहायक म्हणून लागले. काम एकाच प्रदर्शनाचं होतं. साठ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेली, भिंतीवर कधी न लागलेली बायांची चित्रं शोधायची, ती काढणाऱ्या कोण होत्या ते हुडकायचं आणि लोकांसमोर मांडायचं. आता गावाकडच्या मुली फोन करतात, "ताई, असं काम मिळतंय, घेऊ का?" घ्या. पण माझ्या हातून काय झालं ते आधी ऐका, कारण त्याचं दुःख मला अजून आहे.

पैशाचं सुरुवातीलाच सांगून टाकते. मानधन वेळेवर येत नाही. माझं पहिलं चौथ्या महिन्यात आलं. तोवर बाबांनी भाव पडलेला असताना तूर विकून माझं खोलीभाडं भरलं. घरून तीन-चार महिन्यांचा आधार नसेल तर हातातली शाळेची नोकरी सोडू नका. सोडलीच असेल तर घाबरूही नका, पैसे उशिरा येतात पण येतात.

साठ्यात पेन्सिलच न्यायची, फ्रेम वरच्या पट्टीला धरून उचलायची नाही, जलरंगातल्या चित्रावर ५० लक्सच्या वर उजेड पडू द्यायचा नाही, हे सगळं तुम्हाला वर्गात शिकवलेलं असतं. नावाचं मात्र कोणी शिकवत नाही, आणि मी अडकले ती तिथेच.

संग्रहालयात आलेली प्रत्येक वस्तू नंबर देऊन ज्यात चढवतात त्या अॅक्सेशन रजिस्टरची एक्सेल यादी मला मिळाली. त्यात मी 'कु.', 'कुमारी', 'सौ.', 'श्रीमती', 'मिस', 'मिसेस' असे शब्द टाकून शोध लावला. अर्ध्या तासात बायांची यादी तयार झाली. मार्गदर्शकांनी पाठ थोपटली. मलाही वाटलं, काय हुशारी केली.

आता आपल्याकडे लग्नात बाईच्या नावाचं काय होतं ते एकदा नीट मांडून बघा. आडनाव बदलतं. मधलं नाव बदलतं, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. आणि कित्येक घरांत पहिलं नावही बदलतं. ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात आणि माहेरची कमल त्या दिवसापासून मंदाकिनी होते. म्हणजे नावाचे तीन भाग, आणि तिन्ही गेले. तिच्या भावाचं नाव शाळेत घातल्यापासून सातबाऱ्यावर चढेपर्यंत एकच राहतं, म्हणून त्याचा माग लागतो. तिचा माग एका दिवसात तुटतो. रजिस्टर लिहिणाऱ्या कारकुनाचाही यात दोष नाही. चित्रासोबत जे नाव आलं ते त्यानं उतरवलं. लग्नाआधी आलेलं चित्र एका नावावर चढलं, लग्नानंतर आलेलं दुसऱ्या. दोन ओळींमध्ये शेकडो नोंदींचं अंतर, आणि दोन नावांत एक अक्षर सारखं नाही.

माझ्या यादीत असे दोन जलरंग होते. एक 'कुमारी' अमुक, विहिरीवरच्या रहाटाचं. दुसरं 'सौ.' तमुक, कापूस वेचून ओटीत भरणाऱ्या बाईचं. मी दोघींचे दोन फलक केले. पहिलीच्या फलकावर मी माझ्या हातानं लिहिलं, "लग्नानंतर हिचं एकही चित्र सापडत नाही. संसारात तिची कला मागे पडली असावी." ते वाक्य मला फार आवडलं होतं. वाचून लोक हळहळायचे. आणि दुसरा फलक त्याच भिंतीवर, चार पावलांवर होता.

प्रदर्शन संपल्यावर त्याच्या छापील प्रती घेऊन आम्ही गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत फिरलो. मूळ चित्रं टिनाच्या छपराखाली नेता येत नाहीत, ते बरोबरच आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत एक म्हाताऱ्या काकू नातवाला न्यायला आल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात ताकाचा डबा. दोन्ही फलकांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग मला हाक मारली.

"ह्या दोघी नायी वं बाई. एकच हाये. माही माय हाये ते."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी डबा खाली ठेवला, एका फलकावर बोट ठेवलं, "हे माहेरचं नाव," आणि दुसऱ्यावर, "हे सासरचं." मग माझं ते आवडतं वाक्य नातवाकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "चित्र काई सोडलं नव्हतं तिनं. चूल पेटवायच्या आंधी, पहाटं काढे ते. कंदील लावून."

मी तिथल्या बाकावर खाली बसले. एका बाईला मी स्वतः अर्ध्यात तोडलं होतं, वर तिनं काम सोडलं असं छापून जिल्हाभर फिरवलं होतं.

सर्वांत जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? दोन्ही कागद मी एकाच टेबलावर, एकाच दिवशी पाहिले होते. दोन्हींवर सही डाव्या कडेला, उभी, वरून खाली उतरत आलेली. वर्षाचा आकडा दोन्हीकडे पेन्सिलीच्या बारीक चौकटीत. आपल्याकडे बहुतेक जण उजव्या कोपऱ्यात आडवी सही करतात. ही सवय एकाच हाताची होती. मी नाव वाचलं आणि हात बघायचा राहिला.

म्हणून यादी घेऊन बसायच्या आधी चित्र उलटं करा. म्हणजे भांडारपालांना करायला सांगा, स्वतः करू नका. पाठीमागे फ्रेमवाल्याची चिठ्ठी असते, एखाद्या जुन्या प्रदर्शनाचं लेबल असतं, शाळेचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीनं लिहिलेला पत्ता असतो. पत्ता मिळाला की गाव मिळतं, आणि गाव मिळालं की खेड्यात माणसं सापडतात. त्या काळच्या चित्र काढणाऱ्या पुष्कळ बाया शाळेत ड्रॉइंगच्या बाई होत्या. त्यांची सेवापुस्तिका मिळाली तर अर्धं काम झालं, कारण लग्नानंतर नावात बदल झाल्याची नोंद तिच्यात तारखेसकट असते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये माहेरचं नाव सापडतं. नाव रीतसर बदललं असेल तर ते राजपत्रात येतं. आणि लग्नपत्रिका! जुन्या ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवलेली लग्नपत्रिका मी आता कुठल्याही कागदाइतकीच मोलाची मानते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी होती, मग द्वैभाषिक मुंबई राज्य झालं, १९६० ला महाराष्ट्र. एकाच बाईचे कागद इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत सापडतात आणि तिन्हीकडे आडनावाचं लिहिणं वेगळं. बिरुदांवरही विसंबू नका. 'श्रीमती' कोणी विधवेला लावलंय, कोणी मानानं कुणालाही लावलंय. पुष्कळ नोंदींत तर बिरुदच नाही, नुसती आद्याक्षरं आणि आडनाव, आणि अशी नोंद दिसली की आपण तिला बेधडक पुरुषाची धरतो. उलटही होतं. किरण, शशी ही नावं बघून मी दोन पुरुषांना बायांच्या यादीत घातलं होतं, ते छपाईआधी लक्षात आलं म्हणून निभावलं. नावावरून बाई की पुरुष ते सांगणारी संगणकाची साधनं आता फुकट मिळतात. वापरू नका, असं मी स्पष्ट सांगते. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं संग्रहालयांच्या नोंदी ठेवायला 'जतन' ही चांगली संगणक प्रणाली केली आहे, पण तिच्यात शोधलं तरी तेच सापडेल जे जुन्या रजिस्टरमधून आत गेलं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजून खचू नका. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये युडिथ लाइस्टर नावाची चित्रकर्ती होती. तिची चित्रं पुढे फ्रान्स हाल्स या तिथल्याच नामांकित चित्रकाराच्या नावावर खपत राहिली. १८९३ साली एका अभ्यासकाला हाल्सची म्हणून समजल्या जाणाऱ्या चित्रावर तिचं चिन्ह दिसलं, आद्याक्षरं आणि त्यांना जोडलेला तारा. ते चित्र आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. तिनं चित्रकार मोलेनारशी लग्न केलं होतं. तो वारल्यावर घरातल्या चित्रांची यादी झाली, तेव्हा तिच्या काही चित्रांपुढे लिहिलं गेलं: 'मयताची बायको'. मी हे वाचलं तेव्हा मला आपल्या रजिस्टरातले 'सौ.' आठवले.

आणि आपल्याकडे कायद्यानं ज्यांच्या कलाकृती राष्ट्राचा ठेवा ठरवल्या, १९७२ च्या पुरावस्तू आणि कलाठेवा कायद्याखाली, ते चित्रकार नऊ. त्यांत बाई एकच, अमृता शेरगिल. बाकीच्या कुठे गेल्या असं कोणी विचारलं तर मी म्हणते, बऱ्याचशा साठ्यातच आहेत, दुसऱ्या नावानं.

एक नाव मात्र तुम्ही पाठ करा. बी. प्रभा. जन्म १९३३, नागपूरजवळचं बेला गाव. नागपुरात शिकल्या, मग मुंबईला जे. जे. कलाशाळेत. उंच, सडपातळ, गप्प उभ्या असलेल्या कष्टकरी बाया त्यांनी काढल्या, आणि एअर इंडियानं त्यांची चित्रं घेतली. बेल्याहून निघून तिथवर जाता येतं. आमच्या तालुक्यातल्या शाळांत मी हे नाव विचारते तेव्हा मुलं गप्प राहतात, आणि मला त्यांचा नाही, आपल्या सगळ्यांचा राग येतो.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडक आहे. जे साठ्यात उतरत नाहीत, नुसते फलकावरची भाषा सुधारतात, त्यांच्या शाबासकीवर जगू नका. माझे खरे गुरू त्या साठ्याचे भांडारपाल होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, मागची बाजू पाहिली का?" मी म्हटलं, "भाऊ, यादी झाल्यावर बघू." ते पुढे काही बोलले नाहीत. अशा माणसाला चहा पाजा, त्याच्या शेजारी बसा, तो कपाट उघडतो तेव्हा उभं राहून बघा.

गावात प्रदर्शन नेणार असाल तर दोन गोष्टी. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की कोणीतरी प्रेमानं खोलीत कूलर लावून देतं. माणसांसाठी ठीक, पण एखादा जुना कागद सोबत असेल तर तो त्या खोलीत ठेवू नका. ओल्या हवेनं कागद फुगतो, बुरशी धरतो. दुसरं, छापील प्रती काढायच्या आधी वारसांची परवानगी घ्या. आपल्या कायद्यात कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. आम्ही 'वारस सापडत नाहीत' असा शेरा मारून पुढे गेलो होतो. वारस दारव्ह्यात ताकाचा डबा घेऊन उभे होते, आम्ही चुकीच्या नावानं शोधत होतो.

भीती वाटत असेल तर एवढं सांगते, चूक झाली तरी दुरुस्त होते. मी पुढच्या आठवड्यात त्या काकूंच्या घरी गेले. त्यांच्याकडे आईची सेवापुस्तिका होती, सुतळीनं बांधलेली, आणि तिच्यात नाव बदलल्याची नोंद, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी. मी विचारलं, "काकू, आता फलकावर कोणतं नाव लावायचं? माहेरचं की सासरचं?" त्यांनी बराच वेळ विचार केला. म्हणाल्या, "ज्या चित्रावर जे नाव तिनं सोता टाकलं, तेच राहू द्या. तिचं लिवलेलं पुसू नका."

आता दोन्ही फलक शेजारी शेजारी लागतात. प्रत्येकावर तिनं सही केलेलंच नाव आहे, खाली एक ओळ, की शेजारचं चित्रही हिचंच. संसारात कला मागे पडल्याचं वाक्य मी काढलं. त्याजागी पहाटेचा कंदील आला. रजिस्टरमधल्या दोन्ही नोंदी एकमेकींशी जोडाव्यात म्हणून सेवापुस्तिकेची प्रत लावून अर्ज दिला आहे, दोन्ही अॅक्सेशन नंबर लिहून. तो अजून मंजूर व्हायचा आहे. अर्जाची पोच घेतली आहे, तुम्हीही घ्या, आणि एक प्रत घरच्यांकडे द्या. काकूंनी त्यांची त्या सेवापुस्तिकेतच ठेवली आहे.