स्पार्क प्लग बदलताना या चुका टाळा: आटे जुळले म्हणजे प्लग जुळला असं नाही

बडोद्यातल्या सपाट रस्त्यांवर आमची गाडी नीट चालायची. पावागडला निघालो, चांपानेर मागे पडलं, माचीचा चढ लागला आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके द्यायला लागली. मागे आई बसलेली, समोर चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. तीन आठवड्यांपूर्वीच चारही प्लग नवे घातले होते, त्यामुळे प्लगवर संशयच गेला नाही. दोष मात्र तिथेच होता.

आमचं इंजिन टर्बोचं. सर्व्हिस बुकमध्ये प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर, ०.७ ते ०.८ मिमी दिलेली, आणि दुकानातून आलेल्या प्लगची १.१ मिमी. आटे बसले, लांबी जुळली, दुकानदार म्हणाला, "चालशे, साहेब," आणि मी मान डोलावली. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप मोठी असेल तर ते व्होल्टेज पुरवणारी कॉइल तिथे कमी पडते. सपाटीवर हे कळतही नाही. दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि त्याचा खर्च चार प्लगांच्या कितीतरी पट असतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्लगवरच्या आकड्यांचा. 'बीकेआर६ई-११' हा एनजीके कंपनीचा नंबर घ्या. यातला ६ म्हणजे प्लग किती उष्णता बाहेर टाकतो ती श्रेणी, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, आणि ११ म्हणजे गॅप १.१ मिमी. आता एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग 'थंड' होतो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकतो; बॉशमध्ये मात्र आकडा वाढला की गरम. एनजीकेच्या ६ ला डेन्सोचा २० आणि बॉशचा साधारण ७ जुळतो. कंपनी बदलून "तोच नंबर द्या" असं म्हटलं, तर हातात भलताच प्लग येतो. टोकाचं तापमान सुमारे ४५० अंशांखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, प्लग काळा पडतो. ८५०च्या वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका, आणि त्यात पिस्टनचं नुकसान होतं. लांबी चुकली तर आणखी वाईट: लांब प्लगवर पिस्टन आदळू शकतो. रेझिस्टर नसलेला प्लग बसतो खरा, पण रेडिओत खरखर येते आणि इंजिनच्या कॉम्प्युटरलाही त्रास होतो.

आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग आधी गॅसवर मिसिंग दाखवतो, म्हणजे मिश्रण न पेटल्याने इंजिन मधेच चुकतं. पेट्रोलवर ठीक चालते म्हणून प्लग ठीक, हा निष्कर्ष काढू नका. कंपनीच्या सीएनजी मॉडेलचा प्लग नंबरही त्याच मॉडेलच्या पुस्तकातून घ्या.

इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक जेमतेम ०.४ ते ०.६ मिमी जाड असतं. त्यात स्क्रूड्रायव्हर घालून गॅप "सेट" करणारे मी पाहिलेत. टोक तिथेच तुटतं. योग्य नंबर घेतला तर गॅप कारखान्यातूनच ठरलेली येते. तारेच्या गेजने हलकेच तपासा, एवढं पुरे. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, चिनीमातीला गेलेला बारीक तडा दिसत नाही. आणि डुप्लिकेट माल बाजारात आहे. भाव संशयास्पद कमी असेल, डब्यावरचा आणि प्लगवरचा नंबर जुळत नसेल, तर सरळ परत करा.

इंजिन गार झाल्यावरच प्लग काढा. गरम अॅल्युमिनियम हेडचे आटे सोलले तर काम मोठं होतं. नवा प्लग आधी हातानेच फिरवा. १२ मिमी आट्यांच्या प्लगला साधारण १५ ते २० न्यूटन-मीटर, १४ मिमीला २५ ते ३० पुरे. आट्यांना ग्रीस लावायची सवय सोडा, त्याने प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

प्लग बदलूनही झटके राहिले तर विहिरीत डोकवा, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात. तिथे तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गेलंय. पाणी किंवा गंज असेल तरी ठिणगी तिथूनच पळते; २०२४च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुरात उभी राहिलेली गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर हे आधी बघा. मग इंजिनच्या कॉम्प्युटरमधला दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लावा. 'पी ०३०२' म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड '०३०३' झाला तर कॉइल खराब. कोड दुसऱ्यावरच राहिला तर तशीच प्लगचीही अदलाबदल करून पाहा. तरीही जागचा हलला नाही, तर मात्र इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासायला गाडी गॅरेजला न्या.