भुसावळचा संप, पोखरणचा स्फोट : अणुधोरणाचा अभ्यास कसा करावा

अण्वस्त्रांनी भारताचे राजकारण आणि परराष्ट्र धोरण कसे घडवले, हे ज्या विद्यार्थ्याला वा शिक्षकाला नीट समजून घ्यायचे असेल, त्याने वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ ओढावी. डावीकडे देशातल्या घडामोडी आणि उजवीकडे परदेशांशी चाललेले व्यवहार तारखांसह लिहावेत.

पहिले पान मे १९७४ चे असावे, कारण त्या महिन्याचे साक्षीदार खानदेशात अजून भेटतात. ८ मे रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला आणि तो चालू असतानाच, १८ मे रोजी, पोखरणला पहिली अणुचाचणी झाली. भुसावळच्या एखाद्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला आधी संपाविषयी विचारावे आणि मगच स्फोटाची बातमी कशी समजली ते विचारावे. क्रम उलटला तर आठवणींवर नंतरच्या मतांचा थर चढतो. उत्तर अहिराणीत किंवा लेवा बोलीत आले, तर ते त्याच बोलीत उतरवून घ्यावे. मात्र संपावरचे लक्ष उडवण्यासाठीच चाचणी केली, असा निष्कर्ष घाईने काढू नये, कारण इंदिरा गांधींनी तयारीला संमती १९७२ मध्येच दिली होती.

खरे कारण शोधायला दहा वर्षे मागे जावे लागते. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने चाचणी केली, तेव्हा १९६२ चा पराभव ताजा होता. पुढे अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी चाचणी केलेल्या देशांनाच अण्वस्त्रधारी मानले, आणि हा भेद अमान्य असल्याने भारताने सही केली नाही. १९७४ नंतर कॅनडाने अणुसहकार्य थांबवले आणि अणुसाहित्याच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारा अणुपुरवठादार देशांचा गट उभा राहिला. ही सगळी नोंद उजवीकडे येईल.

भारताने पोखरणला पुन्हा अणुचाचण्या केल्या त्या मे १९९८ च्या पानावर डावीकडे फर्नांडिस यांचे नाव पुन्हा लिहावे लागेल, या वेळी संरक्षणमंत्री म्हणून. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो. उजवीकडे पाकिस्तानच्या चाचण्या, दोन्ही देशांच्या चाचण्यांचा निषेध करणारा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक ११७२, अमेरिका आणि जपान यांचे निर्बंध आणि त्यानंतरची भारताचे जसवंत सिंह व अमेरिकेचे परराष्ट्र उपमंत्री स्ट्रोब टॅलबट यांची दीर्घ बोलणी नोंदवावीत.

२००८ च्या पानावर रेघ जवळजवळ पुसली जाते. अमेरिकेशी होणाऱ्या अणुकरारावरून डाव्या पक्षांनी सरकारचा पाठिंबा काढला आणि तसे पत्र राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना, म्हणजे जळगावच्याच कन्येला, दिले. २२ जुलैला सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. परराष्ट्र व्यवहारातल्या एका कराराने सरकारच पणाला लागले, म्हणून या पानाला वर्गात पूर्ण तास द्यावा.

वही पुढे चालू ठेवायची असेल, तर दर वर्षी १ जानेवारीनंतरची वर्तमानपत्रे पाहावीत. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून त्या दिवशी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि कारगिलच्या युद्धानंतरही हा क्रम मोडला नाही. ते छोटे कात्रण उजवीकडे चिकटवावे आणि त्या आठवड्यात दोन्ही देशांत काय बोलले जात होते, ते डावीकडे लिहावे.