कातळसडा की आंबा बाग, झाडोरा जास्त कुठे? स्वतः मोजायची पद्धत

कोकणातल्या सड्याला, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाट पठाराला, लोक सर्रास पडीक म्हणतात, पण ऑगस्टात तिथे गुडघे टेकून बघा, कातळावरच्या बोटभर मातीत दवबिंदू, गेंद, सीतेची आसवं अशी इवली रोपं दाटीवाटीने उगवलेली असतात. नुसतं सांगून कोणाला पटत नाही, आकडे लागतात. म्हणून सडा आणि शेजारची सुरुंग लावून, माती भरून केलेली आंबा बाग यांची तुलना करूया.

चार काठ्या आणि सुतळी घेऊन १ मीटर बाय १ मीटरची चौकट बनवा.

आता चौकट टाकायची कुठे, सगळा खेळ इथेच आहे. आपली नजर फुलांकडेच जाते आणि मग हिशोब चुकतो, त्यामुळे २० मीटरचे दोन टेप काटकोनात अंथरा, मोबाईलवर रँडम नंबर काढा, ७ आणि १३ आले तर एका टेपवर ७ मीटर, तिथून दुसऱ्या टेपला समांतर १३ मीटर चाला आणि तिथेच चौकट टाका, मग खाली नुसता काळा कातळ का असेना. रिकामी चौकटही वहीत लिहायचीच, शून्य हासुद्धा डेटा आहे.

चौकटीतली प्रत्येक जात आणि तिची रोपं मोजा. रेषेवर आलेली रोपं दोन बाजूंची धरा, उरलेल्या दोन बाजूंची सोडा. गवताचे ठोंब मोजणं जमत नाही, तिथे किती टक्के जागा व्यापली ते वेगळं लिहा. नाव माहीत नसेल तर फोटो काढून "अनोळखी १" लिहा, पण उपटू नका प्लीज.

दोन्हीकडे चौकटी सारख्याच हव्यात आणि त्याच आठवड्यात. १० पासून सुरू करा, नवीन जाती मिळेनाशा झाल्या की थांबा, एकीकडे वाढवल्या तर दुसरीकडेही वाढवा.

नुसत्या जाती मोजून भागत नाही. समजा दोन्हीकडे ५ जाती, १०० रोपं. एकीकडे प्रत्येकी २०, दुसरीकडे एकीचीच ९२ आणि बाकी २-२. प्रत्येक जातीच्या वाट्याचा (१०० पैकी २० म्हणजे ०.२) वर्ग करा, बेरीज १ मधून वजा करा: पहिलीकडे ०.८०, दुसरीकडे जेमतेम ०.१५. हा सिम्पसन निर्देशांक, आकडा जितका १ च्या जवळ तितकी विविधता जास्त.

आणि याद्या शेजारी ठेवून नावं वाचाच, कारण बागेत रानमोडी, घाणेरी, लाजाळू धरून आकडा मोठा येऊही शकतो, पण ही बाहेरून आलेली तणं कुठेही वाढतात, दवबिंदूला मात्र सड्यासारखी उघडी, ओली, निकस जागाच लागते. सप्टेंबरात हेच सगळं परत करा, तोवर सड्यावरची यादी बरीच बदललेली असते.