अपूर्णांकांच्या बेरजेचा अंदाज: या चुका टाळा

सर्वांत जुनी आणि चिवट चूक म्हणजे प्रत्येक पदाची किंमत दोन दशांश स्थळांपर्यंत आणून मग बेरीज करणे. फोंड्याला माझ्या शिकवणीत बारावीच्या एका हुशार, पण अत्यंत उतावळ्या मुलाला मी १/१०१ पासून १/२०० पर्यंतच्या शंभर अपूर्णांकांच्या बेरजेचा अंदाज विचारला. त्याने ०.००९९ चे ०.०१ केले, ०.००५ चेही ०.०१ केले, आणि उत्तर नेमके १ आले. ‘सर, पूर्णांक आला म्हणजे बरोबरच असणार’, असे त्याने मलाच ऐकवले. वास्तविक बेरीज सुमारे ०.६९०७ आहे. सर्वांत मोठे पदही १/१०० पेक्षा लहान असताना शंभर पदांची बेरीज १ होऊच शकत नाही, हे लेखणी न उचलता कळायला हवे. एका पदातली चूक क्षुल्लक असते. परंतु शंभरही चुका वरच्याच दिशेच्या असल्या की त्या एकमेकींना खोडत नाहीत, साचत जातात.

अशा वेळी मी पंचवीस-पंचवीस पदांचे चार गट पाडतो. पहिल्या गटातले प्रत्येक पद १/१०० पेक्षा लहान आणि निदान १/१२५ एवढे असल्याने त्या गटाची बेरीज १/५ आणि १/४ यांच्या दरम्यान असते. असेच पुढे गेल्यास एकूण बेरीज ०.६३५ आणि ०.७६० यांच्यामध्ये सापडते, आणि मधली किंमत सुमारे ०.६९७ येते. याला दोन मिनिटे लागतात, आणि तेवढा धीर नसणाऱ्याने अंदाजाच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक ‘पुढचे पद लहान आहे, आता थांबू’ ही. १ − १/३ + १/५ − … या माधवाच्या (केरळचा मध्ययुगीन गणितज्ञ) श्रेणीत चिन्हे आलटून-पालटून येतात आणि पदे घटत शून्याकडे जातात, म्हणून तिथे राहिलेली चूक पुढच्या पदापेक्षा लहान असते. हा नियम मुले सगळीकडे चिकटवतात. १ + १/४ + १/९ + … या श्रेणीची पहिली दहा पदे १.५४९८ देतात आणि अकरावे पद जेमतेम ०.००८ आहे, तरी खरी बेरीज १.६४४९, म्हणजे राहिलेला भाग जवळजवळ ०.०९५. हा भाग १/११ आणि १/१० यांच्या दरम्यान असतो, म्हणून मी त्यांची सरासरी दहा पदांच्या बेरजेत मिळवतो आणि १.६४५ पर्यंत पोहोचतो.

अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणाऱ्यांनी १/२ + १/३ चे उत्तर २/५ कसे, म्हणजे अर्ध्याहूनही कमी कसे, याचे उत्तर आधी द्यावे. खालची आणि वरची मर्यादा न लिहिता नुसता एक आकडा देणाऱ्यांना मी गुण देत नाही.

१ + १/२ + १/३ + … ही बेरीज हजार पदांनंतर ७.४८५५ होते, आणि ती इतकी मंद वाढते की ‘साडेसातावर स्थिरावली’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह पडतो. ती कुठेच स्थिरावत नाही; दहाच्या पुढे जायला तिला १२,३६७ पदे लागतात, पण ती जातेच.