एकट्याने सगळी वाद्यं वाजवून घरी गाणं रेकॉर्ड करताना

आवडतं जुनं भावगीत घ्यायचं, तबला, पेटी, गिटार, बेस, बासरी एकेक करून स्वतःच वाजवायची आणि वर स्वतःच गायचं. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या दहा बाय दहाच्या खोलीत हे व्यवस्थित होतं. स्टुडिओवाचून अडत नाही, क्रम चुकला की मात्र अडतं. चार वादक एकत्र बसले की एकमेकांचं ऐकून सूर-लय सावरून घेतात. एकट्याच्या कामात आधी वाजवलेलं काहीच हलत नाही आणि त्यातली चूक वरच्या प्रत्येक थरात उतरते. तबला थोडा उतरलेला, पेटी थोडी चढलेली, मग गाताना सूर नेमका कुणाचा धरायचा? म्हणून निम्मं काम पहिला टेक घेण्याआधी उरकायचं.

पट्टी गळ्याची, सूर पेटीचा

पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, गळ्यावरून ठरवा, मूळ गाण्याची धरायचा हट्ट नको. अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ पूर्ण आवाजात, सलग तीनदा गाऊन पाहा. तिसऱ्यांदाही गळा ताणला नाही, तर ती पट्टी तुमची. पुरुषांचं बहुधा पेटीच्या पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांमध्ये भागतं, बायकांचं काळी चार ते पांढरी सहाच्या आसपास.

मग पेटी मोजा. कीबोर्डचा, गिटारचा, तबल्याचा सूर हलवता येतो, पेटीचा घरच्या घरी येत नाही, त्यामुळे बाकीच्यांनी तिच्याकडे जायचं. मोबाइलवरचा ट्यूनर लावून सा, मध्यम, पंचम आणि तार सा प्रत्येकी पाच सेकंद धरा. गाण्यात जेवढ्या जोराने भाता मारणार तेवढ्याच जोराने मारा, कारण हवेचा दाब वाढला की रीडचा सूर किंचित उतरतो. सगळे सूर साधारण ८ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर दिसले, तर ती पेटी ४४०ऐवजी ४४२ हर्ट्झला लावलेली आहे. कीबोर्डच्या मास्टर ट्यूनमध्ये आणि गिटारच्या ट्यूनरवर ४४२ टाका, प्रश्न मिटला. एखादाच सूर १५-२० सेंट बाजूला असेल, तर तो पेटीवाल्याकडून घासून घ्या किंवा त्या गाण्यात पेटीवर तो सूर टाळा. रेकॉर्ड झाल्यावर सॉफ्टवेअरने पेटीचा एकच सूर ओढायला गेलात, तर त्याच्यासोबत वाजणारे बाकीचे बरोबर सूरही बहुधा त्यात ओढले जातात.

तबल्याचं गणित वेगळं. सव्वापाच-साडेपाच इंची पुडी (तबल्याचं कातडी तोंड) काळी एक, पांढरी दोनला छान बोलते. पट्टी काळी चार असेल, तर मोठ्या तोंडाचा तबला आणायलाच हवा असं नाही. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, तेव्हा हाच तबला मध्यमाला लावा. मात्र चालीत मध्यम वर्ज्य असेल किंवा तीव्र मध्यम असेल, तर शुद्ध मध्यमाचा तबला खटकत राहतो. अशा वेळी पंचमाला, म्हणजे काळी दोनला चढवा. मोठा फरक गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून काढा, बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलकी हातोडी मारून: वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. एका घरावर (गजऱ्यातल्या दोन वाद्यांमधल्या जागेवर) मारलं की लगेच समोरच्या घरावर मारा. शेवटी पुडीच्या कडेने फिरत आठही ठिकाणी चाट (कडेची पट्टी) वाजवून ऐका. दोन ठिकाणी वेगळा सूर आला, तर ‘ना’ लागल्यावर आवाज लाटेसारखा डुलतो आणि मिक्समध्ये त्यावर इलाज नाही.

पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत कातडं सैल पडून तबला उतरतो, आणि एसी लावला की कोरड्या हवेने चढतो. एसी रेकॉर्डिंगच्या वेळी बंदच ठेवणार असाल, तर तबला लावतानाही बंद ठेवा. दर टेकनंतर तंबोऱ्याशी ताडून पाहा.

लय: क्लिक हवा, पण गाण्याचा

जुनी गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली असतात. मुखड्यातली लय अंतऱ्यात थोडी पुढे सरकते आणि गाण्याची गंमत बऱ्याचदा तिथेच असते. सरळ मिनिटाला १५० मात्रांचा क्लिक (हेडफोनमधली लयीची टिकटिक) लावून सगळं गाणं त्यावर बसवलं, की गाणं ताठ होतं. त्याऐवजी मूळ गाणं रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) टेम्पो मार्कर, म्हणजे लयीची खूण, टाका. दादरा असेल तर मार्करांमध्ये सहा मात्रा, केरवा असेल तर आठ. दादऱ्याची लय मिनिटाला १५० मात्रा असली, की आवर्तन २.४ सेकंदांचं होतं. कुठे २.३५, कुठे २.४५ दिसेल. हा फरक ठेवा, पण लागोपाठच्या दोन आवर्तनांत फरक मोठा दिसला तर तिथे तुमचाच मार्कर चुकला असण्याची शक्यता जास्त. नकाशा झाला, की मूळ गाणं म्यूट करा आणि पुन्हा ऐकू नका. ऐकत वाजवलं, की नकळत नक्कल होते.

क्लिकचा टोकदार टिकटिकाट हेडफोनमधून माइकमध्ये गळतो. ठेक्यात तो लपतो, पण शेवटच्या सुराच्या आसेत (विरत जाणाऱ्या गुंजनात) उघडा पडतो. क्लिकचा आवाज लाकडी, मऊ निवडा आणि शेवटच्या आवर्तनात तो बंद होईल असं ऑटोमेशन करून ठेवा. हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज इतका उशिरा पोचतो की तबला समेवर येणंच शक्य नाही.

एक चाचणी बहुतेक जण करत नाहीत. इंटरफेसचं (माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राचं) आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडा, क्लिक वाजवून रेकॉर्ड करा आणि लाटा जवळून पाहा. रेकॉर्ड झालेला क्लिक मूळ क्लिकच्या मागे पडला असेल, तर तेवढे सॅम्पल सेटिंगमध्ये भरपाई म्हणून टाका. एका थराला तीन-चार मिलिसेकंद ऐकूही येणार नाहीत. पण तबला क्लिकवर, बेस तबल्यावर, गिटार बेसवर असं चढत गेलं, की बासरीपर्यंत हा उशीर साचून गाणं ओढल्यासारखं वाटतं. रेकॉर्ड करताना बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) ६४ किंवा १२८ सॅम्पल, मिक्स करताना १०२४. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

खोली, पंखा आणि शेजार

पंखा बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. फ्रिज आणि सोसायटीचा पंप विसरला जातो. एका ट्रॅकवर सूंऽऽ आवाज नगण्य वाटतो, पण दहा ट्रॅक एकत्र आले की तोच साधारण १० डेसिबलने वाढतो. टेक झाल्यावर वाद्य वाजत नाही त्या जागा लगेच कापून टाका.

खोलीचंही तसंच. दहा फुटी चौकोनी खोलीत लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे ५६ आणि ११२ हर्ट्झचे सूर फुगतात, आणि ११२ म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्याचीच जागा. खोलीच्या मधोमध किंवा भिंतीला टेकून बसलात, तर डग्गा भसाडा येतो. भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर बसा. फरशीवर जाड सतरंजी, पाठीमागे उभी केलेली कापसाची गादी, समोर कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट एवढं पुरतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्याने काही होत नाही. मात्र प्रत्येक वाद्याला जागा दोन फूट तरी बदला. सगळं एकाच कोपऱ्यात, एकाच माइकवर घेतलं, की खोलीचा तोच ठसा दहा वेळा उमटतो आणि गाणं डब्यात वाजल्यासारखं येतं.

पेठेत सगळ्यात शांत वेळ दुपारी एक ते चार, पण त्याच वेळी तबल्याला हातोडी लावलीत तर खालचे काका वर येणार. तेव्हा बासरी, गिटार, मुखड्याचे टेक घ्या. गणपतीआधीचे दीड-दोन महिने संध्याकाळी ढोलपथकांचा सराव सुरू असतो. नदीपात्राजवळ राहत असाल तर ढोलाचा खालचा आवाज बंद खिडकीतूनही येतो आणि गादीने अडत नाही. त्या दिवसांत संध्याकाळी केबलने थेट येणारी कामं, म्हणजे बेस आणि कीबोर्ड, आणि माइकची सकाळी. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असेल तर वैतागू नका. फ्रिज, पंप, शेजारचा टीव्ही सगळं गप्प असतं. लॅपटॉप भरलेला आणि यूएसबीवर चालणारा इंटरफेस असेल, तर गायनाला याहून चांगला दिवस नाही. एरवीही गिटारच्या केबलमधून घूंऽऽ येत असेल, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. अर्थिंगचा गोंधळ असेल तर आवाज तिथल्या तिथे थांबतो. केबलच खराब निघाली तर तपकीर गल्लीतून (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) जॅक आणून सोल्डर करणं नव्या केबलपेक्षा स्वस्त पडतं.

थर आणि माइक

तंबोरा आणि क्लिकवर आधी कच्चं गाणं गाऊन ठेवा, सोबत साधी पेटी किंवा गिटार. हे पुढे फेकायचंच आहे, पण याच्याशिवाय तबला वाजवू नका. लग्गी (ठेक्याची जलद, खेळती रूपं) कुठे सुरू करायची, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) कुठे बसवायची हे शब्द ऐकूनच कळतं. नुसत्या क्लिकवर वाजवलेला ठेका अचूक असतो आणि गाण्याशी त्याचं देणंघेणं नसतं.

तबल्याला एक कंडेन्सर माइक पुरतो. तबला आणि डग्गा यांच्या मध्ये, २५-३० सेंटिमीटर वर, तोंड जरा तबल्याच्या चाटेकडे. डग्गा तसाही अंगावर येतो. दोन माइक लावले, तर एकाची फेज (लाटेची दिशा) उलटी करून ऐका आणि ज्या स्थितीत डग्गा भरदार वाटेल ती ठेवा. गेन (माइकची पातळी) नेहमी जोरदार लग्गी वाजवून लावा, ठेक्यावर नाही. शिखर उणे १२ ते उणे १० डेसिबलमध्ये राहू द्या.

त्यानंतर बेस. काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर ६९ हर्ट्झला येतो आणि डग्गा त्याच्या थोडाच वर घुमत असतो. बेस समेवर आणि मोजक्या ठिकाणी ठेवा, सूर आखूड तोडा, लग्गीत गप्प राहा. भावगीतात भरगच्च बेस वाजवणाऱ्यांचा डग्गा ऐकूच येत नाही, मग ते डग्ग्याचा आवाज वाढवत बसतात.

गिटारला काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चाप) लावून सीचे कॉर्ड धरा. कॅपोने तारा दाबल्या जाऊन सूर चढतो, म्हणून कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करा. माइक बाराव्या फ्रेटसमोर, २०-२५ सेंटिमीटरवर. भोकासमोर धरला की खालचा आवाज गडगडतो. पेटीला माइक अर्धा मीटर वर आणि थोडा पलीकडे. जवळ आणला की भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट सुरापेक्षा मोठी येते.

बासरी उशिरा घ्या, कारण ती फुंकीने सूर सावरू शकते. आधी दहा मिनिटं वाजवून गरम करा. नळीतली हवा एका अंशाने तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो, त्यामुळे थंड बासरीवरचा पहिला टेक आणि पाचवा टेक जुळत नाहीत. माइक फुंकेच्या भोकासमोर न ठेवता बोटांच्या भोकांकडे, ३० सेंटिमीटरवर, जरा वरून. गायन सगळ्यात शेवटी, पॉप फिल्टर लावून १५-२० सेंटिमीटरवरून. टाळ-झांजा त्याच्याही नंतर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून.

मिक्स

गाणं आणि तबला मधोमध, पेटी थोडी डावीकडे, गिटार तितकीच उजवीकडे. गायनाला ८० हर्ट्झखाली कात्री. पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात भांडतात, म्हणून पेटीला १ ते २ किलोहर्ट्झमध्ये २-३ डेसिबल कमी करा. शब्द लगेच पुढे येतात. ऑटोट्यून सरसकट लावू नका, मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) आणि आंदोलनाच्या पायऱ्या होतात. एखादा लांब धरलेला सूर घसरला असेल तर तेवढाच हाताने सरकवा. यूट्यूब आवाज साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा जोर मोजायच्या एककाच्या) आसपास आणतं. त्याहून फार जोरात दिलं तर ते खालीच ओढलं जाणार आणि तबल्याची धार फुकट जाणार. शिखर उणे १ डेसिबल.

मोबाइलने व्हिडिओ घेत असाल तर प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा, जुळवायला तीच खूण. बरेच मोबाइल फ्रेमचा वेग मध्येच बदलतात आणि चार मिनिटांच्या गाण्यात शेवटी ओठ मागे पडतात. जोडण्याआधी क्लिप ठरावीक ३० फ्रेमच्या करून घ्या.

टाकण्याआधी हक्कांचं बघा. आयती कराओके ट्रॅक वापरलीत तर तिचे हक्क वेगळे, मूळ शब्द-चालीचे वेगळे. सगळं स्वतः वाजवलं की पहिली अडचण जाते, दुसरी राहते. भारतात २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कव्हरसाठी, म्हणजे आधीचं गाणं नव्याने गाऊन-वाजवून रेकॉर्ड करण्यासाठी, कलम ३१सी आलं. पहिलं ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, आगाऊ नोटीस द्यावी लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन भरावं लागतं. हौशी माणसाला हा रस्ता महाग पडतो. यूट्यूबवर बहुधा कंटेंट आयडीचा (हक्काचं गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दावा येतो, व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. कधी व्हिडिओ अडवलाही जातो, म्हणून आधी खासगी ठेवून चढवा, दावा काय आला ते वाचा आणि मगच सार्वजनिक करा.